आखाजीचं जेवण: पंचवीस-तीस माणसांच्या घरात खापराची पुरणपोळी, रस आणि रशी

खान्देशात माहेरवाशिणीला तिचा सण कोणता असं विचारा, दिवाळीच्या आधी आखाजीचं नाव निघेल. वैशाख शुद्ध तृतीया, म्हणजेच अक्षय्य तृतीया. गहू-हरभरा घरात आलेला असतो, शेतात काम उरलेलं नसतं. सालदाराचं, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या शेतगड्याचं, जुनं साल याच दिवशी पुरं होतं आणि नवं याच दिवशी ठरतं. लेकी माहेरी येतात, निंबाला झोके बांधले जातात, गवराई (गौर) बसलेली असते. पितरांना घागर भरून आंबा दाखवतात. कित्येक घरांत तोवर आंब्याला कुणी हात लावत नाही.

या दिवसाचं जेवण ठरलेलं आहे: खापरावरची पुरणपोळी, आंब्याचा रस, कटाची (पुरणाची डाळ शिजवलेल्या पाण्याची) तिखट रशी, भात, भजी, कुरडई, पापड. हल्ली अनेक घरांत एक तर पोळ्या विकत आणतात, नाही तर घरातली एकच बाई पहाटेपासून दुपारी तीनपर्यंत चुलीपाशी असते. दोन्ही गोष्टी मला पटत नाहीत. खापराची पोळी मुळात एकटीनं करायचा पदार्थच नाही. तिला चार जणांचे हात लागतात: एक पुऱ्या लाटून पुरण भरायला, एक हातावर पोळी फिरवायला, एक जाळ सांभाळायला आणि एक पोळ्या उतरवून घड्या घालायला. ही माणसं आधी ठरली की बाकीचं सोपं आहे. म्हणून इथे पाककृतीइतकीच जागा कामाच्या वाटणीला दिली आहे.

मूळ लावण्यापासून सुरुवात

तारीख दर वर्षी पुढे-मागे होते. २०२४ मध्ये आखाजी १० मेला होती, २०२५ मध्ये ३० एप्रिलला. हा फरक आंब्यासाठी महत्त्वाचा. आखाजी एप्रिलमध्ये आली तर गावरान आंबा तयार नसतो, बाहेरून आलेल्या बदाम, लालबाग, केसर यांच्यावर भागवावं लागतं. मेमध्ये आली तर निवडायला वाव मिळतो.

मूळ म्हणजे लेकीला माहेरी आणायचं बोलावणं. लेकींना आणायला मुराळी कोण जाणार, हे महिनाभर आधी बोलून घ्या. सुरतेकडची मंडळी भुसावळच्या गाडीनं येतात, नाशिक-पुण्याची एसटीनं किंवा स्वतःच्या गाडीनं. आखाजीच्या आदल्या दिवशी सगळ्याच गाड्या भरलेल्या असतात. शक्य असेल त्यांनी दोन दिवस आधी यावं. हे निव्वळ सोयीसाठी सांगत नाही. आदल्या संध्याकाळपर्यंत घरात चार हात आलेले नसतील, तर पुरण कुणी वाटायचं?

येणाऱ्यांची यादी करताना लहान मुलं, मधुमेह असलेले आणि दात नसलेले असे तीन आकडे वेगळे लिहून ठेवा. पोळ्या किती लागतील ते यावरून ठरतं.

खापर, सरपण आणि गहू

खापर म्हणजे पालथ्या घमेल्यासारखं, वरून फुगीर, मातीचं भाजलेलं भांडं. कुंभाराकडे किंवा आखाजीच्या आधीच्या आठवडे बाजारात घागरींच्या शेजारीच ते मिळतं. घेताना बोटानं टिचकी मारा. खणखणीत आवाज आला तर घ्या, भदभद आला तर बारीक तडा आहे असं समजा. शक्यतो दोन घ्या. ऐन कामात एक तडकलं तर दुसरं हाताशी असलेलं बरं.

नवं खापर लगेच मोठ्या जाळावर ठेवू नका. रात्रभर पाण्यात बुडवून ठेवा, दोन दिवस सावलीत पूर्ण वाळवा, मग मंद जाळावर अर्धा-पाऊण तास तापवून चुलीवरच गार होऊ द्या. हे आखाजीच्या आठवडाभर आधी उरकलेलं असावं.

सरपणात दोन जाती हव्यात. पऱ्हाट्या (कपाशीच्या काड्या) किंवा तुराट्या (तुरीच्या काड्या) भसकन पेटतात, खापराच्या कडेपर्यंत जाळ पोचवतात. बाभळीचं लाकूड सावकाश जळतं आणि उष्णता टिकवतं. नुसत्या पऱ्हाट्यांवर केलं तर खापर तापतं-निवतं, आणि पोळी एका बाजूला करपून दुसरीकडे कच्ची राहते.

शहरात चूल नसेल तर मोठ्या शेगडीवर मंद आचेत खापर चालतं. तेही नसेल तर लोखंडी कढई पालथी घाला. चव थोडी कमी, पण पोळी होते.

गव्हासाठी लोकवन चालतो. चार किलो गहू निवडून त्यावर पाण्याचा हबका मारा, कापडात बांधून सहा-सात तास ठेवा, मग सावलीत सुकवून बारीक दळून आणा. ओलवलेल्या गव्हाचा कोंडा मोठा निघतो आणि पीठ पांढरं पडतं. हे पीठ मलमलच्या फडक्यातून गाळायचं, म्हणजे वस्त्रगाळ करायचं. चार किलोत साधारण तीन किलो बारीक पीठ मिळेल. गाळण्याचा कंटाळा केला तर पुढे हातावर पोळी फाटणार, हे नक्की. कोंड्याचा एक कणही ताणलेल्या पारीत भोक पाडतो.

कुरडया, पापड, बिबडे (ज्वारीचे पापड) फाल्गुन-चैत्रातच धाब्यावर, म्हणजे घराच्या सपाट छतावर, वाळलेले असतात. फक्त डबे उघडून वास घ्या. जुना, कुबट वास येणारी कुरडई पाहुण्यांच्या ताटात नको.

पंचवीस जणांसाठी सामान

पुरणासाठी हरभऱ्याची डाळ दोन किलो, गूळ एक किलो आणि साखर एक किलो. खापराच्या पोळीला पुरण सैलसर लागतं. गोड कमी खाणारं घर असेल तर दोन्ही मिळून पावणेदोन किलो पुरे. वेलदोडे, एक मोठं जायफळ, सुंठ. वर सांगितलेलं तीन किलो गाळलेलं पीठ. यात मोठ्या तीस पोळ्या होतात. माणशी एक पोळी रसासोबत भरपूर होते, उरलेल्या पाच नैवेद्याला आणि दुसऱ्यांदा मागणाऱ्यांना.

आंबे दहा किलो. साल-कोय जाऊन निम्मा रस हाती येतो, म्हणजे पाच लिटरच्या आसपास. तूप एक किलो, यात हात आखडू नका. तांदूळ सव्वा किलो, बेसन पाऊण किलो, तेल दोन किलो, गिलकी (घोसाळी) दीड किलो, कांदे दोन किलो, सुकं खोबरं अर्धा किलो, तीस-पस्तीस कुरडया.

घागरीसाठी मातीची घागर, तिच्यावर ठेवायचं लहान मडकं आणि एक डांगर. डांगर म्हणजे आपलं खरबूज. ते जरा कच्चंच घ्या. उन्हात ठेवल्यावर पिकलेलं फुटतं.

कोण काय करणार

आदल्या रात्री जेवणं झाल्यावर सगळे अंगणात बसलेले असतात, तेव्हा मोठ्या आईनं किंवा थोरल्या काकूनं कामं वाटून द्यावीत. सुनेनं सांगितलं तर दिरा-जेठांना ते जड जातं, मोठ्या आईचं मात्र सगळे ऐकतात.

खापरापाशी बसणारा हात घरातल्या सर्वांत जाणत्या बाईचा. बहुतेक घरांत ती फुई (आत्या) किंवा मोठी काकू असते. तिच्या उजव्या हाताला एक शिकणारी व्यक्ती बसलीच पाहिजे. ती मुलगीच असावी असं नाही. आमच्याकडची मुलं आता शहरात एकटी राहतात, रोजचं जेवण स्वतः करतात, मग पोळी शिकायला त्यांना अडचण कसली? दर वर्षी एक नवा हात तयार झाला, तरच दहा वर्षांनी या घरात खापर पेटेल.

पुरुषांसाठी कामं भरपूर आहेत आणि ती नावानिशी सांगावीत. जाळ सांभाळणं, पुरण वाटणं, आंबे पिळणं, पाणी भरणं, पंगत मांडणं. आखाजीला निंबाखाली पत्त्यांचा डाव बसतो, तो बसू द्या, पण जेवणानंतर. जवाई पाहुणे असले तरी आंबे पिळायला त्यांना आवर्जून बोलवा. गप्पा तिथेच रंगतात.

मुलांना आंबे धुणं, वेलदोडे सोलणं आणि म्हाताऱ्या माणसांना पाणी नेऊन देणं.

पुरण

डाळ दोन-तीन तास भिजवा. मोठ्या पातेल्यात चौपट पाणी उकळून त्यात डाळ, चिमूटभर हळद आणि दोन चमचे तेल घाला. दाणा बोटांत दाबला की मेणासारखा चेपला पाहिजे, पण पाण्यात विरघळता कामा नये. विरघळली तर कट घट्ट होतो आणि पुरण चिकट. चाळणीवर ओतून कट खाली वेगळा जमा करा. दोन किलो डाळीला तीन-चार लिटर कट निघायला हवा. कमी वाटला तर डाळीवर गरम पाणी ओतून पुन्हा निथळा.

निथळलेल्या डाळीत गूळ-साखर घालून जाड बुडाच्या पातेल्यात आटवा. सुरुवातीला सगळं पातळ होतं, घाबरू नका. उलथनं मधोमध उभं राहिलं की उतरवा. सुंठ, वेलदोडा, जायफळ घाला आणि गरम असतानाच पुरणयंत्रातून काढा. गार झालं की दुप्पट जोर लागतो. पाट्यावर वाटलेलं पुरण अधिक मऊ होतं. पाटा असेल आणि वाटणारे हात असतील तर तेच करा.

एप्रिल-मेमध्ये जळगाव-भुसावळकडे पारा ४२-४३ च्या वर जातो. रात्रभर झाकून ठेवलेलं पुरण सकाळी आंबलेलं निघू शकतं. फ्रिजमध्ये जागा असेल तर रात्री करा. नसेल तर डाळ फक्त भिजवायची तयारी ठेवा आणि पहाटे चारला चूल पेटवा. कटालाही हेच लागू. तो तर पुरणाच्याही आधी खराब होतो.

कणीक आणि खापर

कणीक सकाळी सहाला भिजवा. पिठात मीठ घालून लागेल तसं पाणी घालत पोळीच्या कणकेपेक्षा बरीच सैल भिजवायची. ओल्या फडक्याखाली दीड-दोन तास राहू द्या. मग तेलाचा हात लावून तिंबायला घ्या: उचला, आपटा, दुमडा, पुन्हा आपटा. वीस मिनिटं तरी. हे जोराचं काम आहे, घरातल्या तरण्या पोरांना द्या. झाली की नाही ते असं ओळखा: लिंबाएवढा गोळा दोन हातांत धरून ओढला तर धागा धरत लांबला पाहिजे, तुटला नाही पाहिजे.

पुरण आणि कणीक एकसारखी मऊ हवी. पुरण घट्ट राहिलं तर लाटताना ते मधेच थांबतं आणि पारी पुढे निघून जाते, कडा नुसत्या पिठाच्या होतात. पुरण घट्ट वाटलं तर दुधाचा हात लावून मळून घ्या.

साडेआठला खापर चुलीवर चढवा. आधी मंद जाळ, पंधरा मिनिटांनी मोठा. चिमूटभर पीठ वर टाकून बघा. हळूहळू तांबूस झालं तर खापर तयार, लगेच काळं पडलं तर लाकूड मागे ओढा.

आता पोळी. मोठ्या लिंबाएवढे कणकेचे दोन गोळे घेऊन तळहाताएवढ्या दोन पुऱ्या लाटा. एका पुरीवर मूठभर पुरण कडेला बोटभर जागा सोडून पसरा, दुसरी वर ठेवा आणि कडा बोटांनी दाबून बंद करा. कुठेही हवा राहायला नको. पोळपाटावर भरपूर पिठी घेऊन ही दुहेरी पोळी ताटाएवढी लाटा. इथवर कुणालाही जमतं.

पुढचं हातांचं. बांगड्या मागे सारा, मनगटापासून कोपरापर्यंत पिठी लावा. पोळी उचलून दोन्ही हातांच्या पालथ्या बाजूंवर घ्या, मुठी सैल मिटलेल्या, बोटांची नखं आत. आता एका हातावरून दुसऱ्या हातावर पोळी टाकत राहायचं आणि दर वेळी ती किंचित फिरवायची. ताणायची नाही. पोळी स्वतःच्या वजनानं सुटत जाते. जाणती बाई करते तेव्हा पोळी मनगटावरून कोपराकडे सरकते, परत येते, आणि दर फेरीला बोटभर वाढते. आतलं पुरण पारीतून पिवळं दिसायला लागलं की थांबायचं. शिकणाऱ्यानं परातीएवढ्या पोळीवर समाधान मानावं. त्याहून मोठी करण्याचा हट्ट पहिल्या वर्षी नको.

खापरावर टाकताना दोन्ही हात एकदम खाली न्यायचे, पोळी खापराच्या मध्यावर टेकवायची आणि हात बाजूंना काढून घ्यायचे. कडा आपोआप उतारावर बसतात. अर्ध्या मिनिटात बुडबुडे येतात. मग कड उचलून उलटवा, दुसरी बाजू तेवढीच. खमंग ठिपके हवेत, पण पोळी कडक व्हायला नको. भोक पडलं तर तिथं कणकेचा चपटा तुकडा लावून मोकळं व्हा.

उतरवलेली पोळी लगेच घडी घालू नका. बाजेवर स्वच्छ धोतर अंथरून ठेवा, त्यावर पोळी पसरा, वाफ गेली की तूप लावून चौकोनी घडी घाला आणि टोपलीत रचा. वाफेसकट रचलेल्या पोळ्या खालून ओल्या होऊन फाटतात. नीट निवलेली पोळी तीन-चार तास मऊ राहते, आणि पुढच्या पंगतीचं सगळं गणित या मऊपणावर आहे.

दोघींचा हात बसला की एक पोळी तीन-चार मिनिटांत निघते. तीस पोळ्यांना सुमारे दोन तास. पावणेनऊला सुरू केलं तर अकराच्या आत खापर उतरतं, उन्हाचा कहर व्हायच्या आधी.

रशी

हे काम पोळ्यांच्या बरोबरीनं दुसऱ्या चुलीवर चालू ठेवा. अर्धा-पाऊण किलो कांदे सालासकट निखाऱ्यात भाजा, खोबऱ्याच्या वाट्या थेट जाळावर काळपट होईपर्यंत भाजा. धणे, लाल मिरच्या, लवंग, दालचिनी, मिरे, दगडफूल तेलावर परतून घ्या. लसूण-आलं घालून सगळं बारीक वाटा. तेल सढळ घेऊन वाटण तेल सुटेपर्यंत परता, मग कट ओता आणि कढत पाणी घालून सहा लिटरपर्यंत न्या. मीठ, थोडी चिंच, ओंजळभर पुरण. अर्धा तास उकळू द्या. वर लाल-काळा तवंग दिसला पाहिजे, आणि रशी पातळच हवी. घट्ट केली तर भातावर पसरत नाही.

नैवेद्याला कांदा-लसूण न चालणाऱ्या घरांनी वाटीभर कट आधीच बाजूला काढून त्याला जिरं-कढीपत्त्याची फोडणी द्यावी.

रस, भजी आणि बाकीचं

आंबे आदल्या रात्रीच पाण्यात टाका. सकाळी देठाकडचा चीक पिळून टाका, माचवा (दाबून मऊ करा) आणि हातानं पिळा. मिक्सरमध्ये फिरवला तर रसाला फेस येतो, चवही बदलते. रेषाळ आंबा असेल तर चाळणीतून काढा. रस स्टीलच्या भांड्यात ठेवा, पितळी-तांब्याच्या नको. चिमूटभर मीठ आणि सुंठ घाला, साखर आंबा चाखूनच. भांडं बर्फाच्या परातीत ठेवा. मधुमेही माणसाच्या ताटात अर्धी पोळी, दोन चमचे रस, आणि भात-रशी-भजी नेहमीसारखी. वेगळं ताट करून त्यांना वेगळं पाडू नका.

भजी गिलक्याची आणि कांद्याची. गिलक्याचे गोल काप करा, बेसनात ओवा घाला, आणि पंगत बसता बसता तळा. कुरडया-पापड मात्र अकरालाच तळून डब्यात भरा. भात साडेअकराला.

घागर आणि आगारी

पाण्यानं भरलेली घागर, तिच्यावर लहान मडकं, त्यावर डांगर, आंबे, सांजोरी (गोड सांजा भरलेली पुरी). पूर्वजांची नावं घेत उंबरठ्यावर कुंकवाचं एकेक बोट उमटवतात. मग चुलीतले निखारे पुढे ओढून त्यावर तूप आणि पोळी-भात-रशी-कुरडईचा घास टाकतात, भोवती पाणी फिरवतात. हीच आगारी. पुरुषांची नावं सगळ्यांना पाठ असतात. आजी-पणजींची नावं आधीच कागदावर लिहून घ्या आणि तीही मोठ्यानं घ्या. घरात वर्षभरात कुणी गेलं असेल तर ही त्यांची पहिली आखाजी. त्या घरी सगळं शांतपणे, वेळ देऊन करावं. नैवेद्य बाराच्या सुमारास, त्यानंतर गाईचा घास.

पंगत

आधी पुरुष, मग मुलं, शेवटी बायका, हा क्रम मोडा. पोळ्या सगळ्या झालेल्या असतात, टोपलीत मऊ असतात, तर कुणी मागे राहण्याचं कारणच नाही. लहान मुलांना आणि आजारी माणसांना अर्धा तास आधी वाढून घ्या. बाकी सगळ्यांची एकच पंगत, ओसरीवर समोरासमोर दोन रांगा. खापरावर बसलेल्या बाईला पहिला पाट आणि पहिली पोळी. वाढायला पोरं, आणि त्यांचं ताट झाकून शेजारी ठेवलेलं.

ताटात आधी मीठ, लिंबू, कैरीची चटणी, मग भजी, कुरडई, पापड. उजवीकडे वाटीत रस, दुसऱ्या वाटीत रशी. पोळी तुपाच्या धारेसकट. भात दुसऱ्या फेरीला. कुरडई रसात बुडवून खाण्याची मजा शहरातल्या नातवंडांना कुणी तरी दाखवून द्या.

उरलेलं आणि परतीची शिदोरी

उरलेली पोळी दुसऱ्या दिवशी तव्यावर तुपात खरपूस भाजून दुधासोबत चांगली लागते. रशी संध्याकाळी पुन्हा उकळलीत तर रात्रीच्या भाकरीला होते, सकाळपर्यंत ठेवू नका. रस त्याच दिवशी संपवा. प्रवासाला तो देऊ नका. सुरत किंवा पुण्याला जाणाऱ्या लेकीच्या पिशवीत कोरड्या फडक्यात बांधलेल्या दोन पोळ्या, न तळलेल्या कुरडयांचा डबा, रशीचं परतलेलं वाटण आणि अढीतले चार कच्चे आंबे घाला. पोळ्या त्याच दिवशी खायला सांगा.

खापर चुलीवरच गार होऊ द्या. धुवू नका, कोरड्या फडक्यानं पुसा, आणि पोत्यात गुंडाळून कोठीच्या वर ठेवा.